ज्युडिथ ट्रेनमचा जबाब

उन्हाळा लागला की कोर्टाच्या दप्तरखान्यात पूर्वज शोधणाऱ्यांची रीघ लागायची. ओहायोहून, टेक्सासहून, कुठून कुठून माणसं यायची. हातात जाडजूड फाइल, गळ्यात लोंबता चष्मा आणि मनात एकच आशा, की आपला मूळ पुरुष कुणीतरी बडा असामी निघावा. अर्डेलिया ट्रेनम त्यांच्याकडे चष्म्यावरून बघायची आणि सुस्कारा टाकायची. एक्केचाळीस वर्षं ती हेच बघत आली होती. इंग्लंडच्या राजाच्या नावानं कुणाला किती एकरांची सनद मिळाली हे या लोकांना हवं असे, पण आजीचं माहेरचं आडनाव विचारलं की निम्मे जण छताकडे बघत. "आमचे पूर्वज जहाजातून आले," असं एखादा छाती फुगवून सांगे. "त्या काळी चालत कुणीच आलं नाही, साहेब," असं म्हणून अर्डेलिया वही काढायला उठे.

वही काढणं हाही पोरखेळ नव्हता. एकेक दस्तवही आठ-नऊ किलोची, लोखंडी फळीवर आडवी ठेवलेली. तरुणपणी ती एका हातानं ओढून काढायची. आता एकोणसत्तरीत गुडघे बोलू लागले होते, बोटांची पेरं सकाळी सुजलेली असत. नवरा क्लाइड नऊ वर्षं संसार करून नॉरफोकच्या गोदीत कामाला म्हणून गेला तो गेलाच. मूलबाळ नव्हतं, आणि तिनं माहेरचं ट्रेनम आडनाव परत लावलं होतं. गावातल्या वकिलांसाठी जमिनींच्या मालकीचा माग काढायचा आणि उरल्या वेळात पाहुण्यांचे पूर्वज, एवढंच तिचं आयुष्य. कंटाळा येतो का असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "कंटाळा यायला अंगात जोर लागतो."

पण कामात तिचा हात धरणारं व्हर्जिनियाच्या त्या टापूत दुसरं कुणी नव्हतं. जुन्या सनदांत चतुःसीमा झाडांवरून सांगितलेल्या असत. ओढ्याकाठच्या पांढऱ्या ओकपासून सुरुवात, तिथून ईशान्येला एकशे वीस काठ्या जाऊन तीन फांद्यांच्या हिकरीपर्यंत, तिथून अमक्याच्या कुंपणाच्या कोपऱ्यापर्यंत. झाडं जाऊन दोनशे वर्षं झालेली, कुंपण कुजून गेलेलं. अर्डेलिया ते आकडे घरी नेई, वाण्याच्या तपकिरी कागदी पिशव्या फाडून त्यावर प्रत्येक तुकडा मापानं काढी, कात्रीनं कापी, आणि जेवणाच्या टेबलावर शेजाऱ्याला शेजारी लावत बसे. तुकडे हलू नयेत म्हणून त्यांवर वाळलेल्या वालाच्या बिया ठेवी. सगळं जुळलं की जुना मुलूख टेबलावर उभा राही, आणि मग जेवायला जागा उरत नसे. एकटीला जागा लागते किती, म्हणून ती सिंकपाशी उभ्यानंच खाई.

या कामात ती पडली त्यालाही एक कागदच कारण होता. ती बारा वर्षांची असताना तिच्या आईच्या माहेरची साठ एकर जमीन विकली गेली. ओढ्यालगतची, काळी, दगड नसलेली जमीन. आईला ती तिच्या वडिलांकडून मिळाली होती. अर्डेलियाच्या वडिलांना लाकूड वाहायचा धंदा काढायचा होता. एका शनिवारी वेंडेल, तिचा मोठा भाऊ, तेव्हा एकवीस वर्षांचा, बँकेतल्या नोटरीला गाडीत घालून घेऊन आला. अर्डेलियाला कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर पाठवलं. ती परत आली तेव्हा पाहुणा गेला होता आणि आई बिस्किटांचं पीठ मळत होती. जमिनीच्या पैशातून ट्रक आला, तो वेंडेलनं पुढे अकरा वर्षं चालवला. आई त्या जमिनीबद्दल एक शब्द बोलली नाही. फक्त ओढ्याकडच्या रस्त्यानं चर्चला जायचं तिनं बंद केलं, लांबून वळसा घालून जायची.

सोळा वर्षांनी अर्डेलिया दप्तरखान्यात कामाला लागली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं ते खरेदीखत शोधून काढलं. एकशे बारा नंबरची दस्तवही, पान तीनशे सहा. स्वच्छ टंकलेली नक्कल. खाली लिहिलेलं, की सदर बाईनं नोटरीसमोर सही आपलीच असल्याचं कबूल केलं. ते पान तिनं किती वेळा उघडलं असेल याची गणती नाही. आईनं खुशीनं सही केली की नाही हे तिला त्या पानातून हवं होतं, आणि पान ते सांगत नव्हतं.

म्हणूनच असेल, जुन्या वह्यांत तिला एका गोष्टीचं फार वाटे. इंग्रजांच्या अमलात बायकोच्या माहेरची जमीन नवऱ्याला एकट्याला विकता येत नसे. बायकोचा होकार लागे, आणि तो दटावून घेतलेला नाही ना हे बघायला न्यायाधीश तिला नवऱ्यापासून वेगळं घेऊन विचारत, की बाई, तू हे आपल्या खुशीनं करतेस का? बाईला कोर्टापर्यंत येणं जमत नसलं तर दोन पंच घोड्यावरून तिच्या घरी जात, नवऱ्याला अंगणात काढत आणि आत बसून विचारत. असे जबाब अर्डेलियानं हजारांनी वाचले होते. सगळ्यांचं उत्तर एकच, हो, खुशीनं. इतकं एकसारखं की बाई बोलायच्या आधीच कारकुनानं लिहून ठेवलं असावं.

आता वेंडेलचं. एकोणीसशे त्र्याऐंशी साली तो तिच्या टेबलाशी येऊन बसला होता. ट्रक विकून टाकला होता, चर्चमध्ये वडीलधाऱ्यांत गणना होऊ लागली होती, आणि माणसाला त्या वयात सुचतं ते त्याला सुचलं होतं.

"डेला, त्या वह्यांमध्ये आपला कुणी आहे का गं?"

"सगळ्यांचा कुणी ना कुणी असतो."

"तसा नको. चांगला बघ."

तिनं बघितला. सोळाशे चौऱ्याण्णव साली नथॅनियल ट्रेनम नावाच्या इसमाला हॉर्सपेन ओढ्यावर दोनशे एकरांची सनद मिळाली होती. सतराशे एकतीसमध्ये विल्यम ट्रेनमनं त्याच ओढ्यावरचे दोनशे एकर विकल्याचं खत होतं. विल्यमपासून खाली त्यांच्या घराण्याची साखळी पक्की होती, एकेक कडी तिनं हातानं तपासली होती. नथॅनियल आणि विल्यम यांच्यामध्ये मात्र ना मृत्युपत्र, ना खत. पण तेव्हा थोरल्या मुलाला जमीन आपसूक जाई, त्याला कागद लागत नसे. तेव्हा विल्यम हा नथॅनियलचा थोरला, असं धरायला हरकत नव्हती.

हरकत फक्त पिशवीच्या कागदाची होती. विल्यमचा तुकडा नथॅनियलच्या तुकड्यावर ठेवला तर एका बाजूनं बोटभर बाहेर येत होता. शिवाय विल्यमच्या खतात बायकोचा उल्लेख नव्हता, आणि विकलेल्या जमिनीवर त्याची मुलं पुढे पन्नास वर्षं राहिली कशी हेही कोडंच होतं. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर अर्डेलियानं तिथंच बोट ठेवून पाहुण्याला परत पाठवलं असतं. पण समोर वेंडेल बसला होता, टेबलावर कोपरं टेकून, शाळेच्या निकालाला बसल्यासारखा.

"मोजणीदाराची साखळी लोंबली असेल," ती म्हणाली.

"किंवा तो प्यायला असेल," वेंडेल म्हणाला.

तिनं कात्री घेतली आणि बोटभर किनार छाटून टाकली. तुकडा चपखल बसला. पुढच्या वर्षीपासून ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ट्रेनम घराण्याचा मेळावा भरू लागला. मोठ्या कढईत मांस-भाज्यांचा दाट ब्रन्सविक स्ट्यू, हॅम भरलेली मऊ बिस्किटं, गोड थंड चहाचे डबे, आणि सगळ्यांच्या छातीवर नथॅनियलच्या नावाचा बिल्ला. बत्तीस वर्षं वेंडेलनं दर मेळाव्याला उभं राहून नथॅनियलची गोष्ट सांगितली. दर वर्षी नथॅनियल थोडा उंच होत गेला.

आता वेंडेल अठ्ठ्याहत्तरचा झाला होता. छातीत यंत्र बसवलं होतं आणि डॉक्टरनं शिडी, कुऱ्हाड आणि संताप या तिन्हींना बंदी घातली होती. मरायच्या आत त्याला दोन गोष्टी करायच्या होत्या. घराण्याच्या दफनभूमीत नथॅनियलचा दगड उभारायचा, आणि आद्य सनदधारकांच्या वंशजांचं जे मंडळ होतं त्याच्या यादीत ट्रेनम हे नाव घालायचं. मंडळाची एकच अट होती. ज्यानं कागद शोधले त्यानं नोटरीसमोर शपथेवर सही करायची, की ही वंशावळ खरी आहे. म्हणजे अर्डेलियानं. सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी ते दोघं कोर्टात जाणार होते. दगड आधीच कोरून आला होता.

आणि ऑगस्टच्या शेवटी नेट्टा व्हॉनचा फोन आला. नेट्टा म्हणजे दप्तरखान्यातली तिशीतली कारकून, हुशार, पण जुनं अक्षर समोर आलं की हात टेकणारी. कोर्टाच्या माळ्यावर सुट्या कागदांची एक पेटी सापडली होती, ती दुरुस्तीला जाऊन पानं सपाट होऊन आली होती.

"मिस डेला, मला यातलं ओ का ठो कळत नाही. कोंबडी चालून गेल्यासारखं दिसतंय. तुमचं आडनाव मात्र एका कागदावर ओळखू आलं."

अर्डेलिया गेली. खुर्चीत बसून, भिंग धरून तिनं तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचला. सतराशे एकतीसचा तो कागद दोन पंचांच्या सहीचा होता. विल्यम ट्रेनमची बायको ज्युडिथ आजारी असल्यानं कोर्टात येऊ शकत नव्हती, म्हणून पंच तिच्या घरी गेले होते. जमीन ज्युडिथला तिचा बाप फ्रान्सिस अस्क्यू याच्याकडून आली होती. त्याखाली तिचा जबाब होता. 'सदर बाईस पतीपासून वेगळे घेऊन विचारले असता ती म्हणाली, मला हो म्हणायला सांगून ठेवले आहे, पण मी म्हणणार नाही. जमीन माझ्या बापाची आहे. माझी तीन मुले तिच्यात पुरली आहेत. पती अंगणात उभा आहे, त्याला जाऊन सांगा.'

"काय लिहिलंय?" नेट्टानं विचारलं.

अर्डेलियानं वाचून दाखवलं. नेट्टा हसली. "बाई खमकी होती."

"हजारांत एक," अर्डेलिया म्हणाली. तिनं भिंग पुन्हा त्या ओळीवर धरलं.

घरी जाऊन तिनं नवा कागद फाडला आणि विल्यमचा तुकडा पुन्हा काढला, या वेळी न छाटता. ओढ्याच्या पलीकडच्या काठावर फ्रान्सिस अस्क्यूची सनद होती. तिच्यात तो तुकडा असा बसला की बोटानं चाचपूनही सांधा लागेना. तिनं अस्क्यूची सनद मुळापासून वाचली. त्या काळी जो कुणी माणसांचा जहाजखर्च भरून त्यांना इकडे आणी, त्याला दर माणशी पन्नास एकर मिळत, आणि सनदेच्या तळाशी त्या माणसांची नावं असत. अस्क्यूनं चार माणसं आणली होती. चौथं नाव विल्यम ट्रेनम.

म्हणजे त्यांच्या मूळ पुरुषाला सनद मिळालीच नव्हती. त्याच्या डोक्यामागे दुसऱ्यानं पन्नास एकर उचलले होते. तो अस्क्यूच्या घरी राबला, मालकाच्या मुलीशी लग्न केलं, आणि तिची जमीन विकायला निघाला. ती नाही म्हणाली म्हणून विक्री फिसकटली आणि मुलं तिथंच राहिली. ट्रेनम घराणं त्या मातीत टिकलं ते एका आजारी बाईच्या नकारामुळे. नथॅनियलचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. त्याचं नाव तेवढं सारखं होतं, आणि मधली फट अर्डेलियाच्या कात्रीनं बुजवली होती.

तिला आनंद व्हायला हवा होता. एवढा शोध हाती लागला तर दुसरा कुणी नाचला असता. तिला फक्त थकवा आला, पायांपासून वर चढत गेलेला. बत्तीस वर्षं एक माणूस खोटं बोलत होता आणि ते खोटं तिनं स्वतः कापून त्याच्या हातात दिलं होतं.

रविवारी ती वेंडेलकडे सांगायलाच गेली. त्यानं तिला दारातून आत येऊ न देता थेट मागच्या शेडमध्ये नेलं. ताडपत्री दूर केली. करड्या ग्रॅनाइटवर अक्षरं खोल कोरलेली होती. नथॅनियल ट्रेनम, सनदधारक, या कुळाचा मूळ पुरुष.

"हात फिरव," वेंडेल म्हणाला. "अगं फिरव. चावत नाही."

तिनं फिरवला. दगड थंड होता.

"हा बसला की मी सुटलो. मग बोलावणं आलं तरी चालेल."

"तुझं बोलावणं दर वर्षी येतं आणि दर वर्षी तू स्ट्यूची तीन ताटं खातोस."

"या वर्षी दोनच खाईन," तो म्हणाला, आणि खोकायला लागला. खोकला थांबेपर्यंत त्यानं दगडाचा आधार घेतला. ओठ निळसर झाले होते.

तिनं ताडपत्री पुन्हा दगडावर ओढली. आत जाऊन त्यानं दिलेलं हॅमचं बिस्किट खाल्लं, चहा घेतला, नथॅनियलच्या घोड्याबद्दलची नवी भर ऐकून घेतली. "महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी, दहाला," दारात तो म्हणाला. "उशीर करू नकोस. तुझी म्हातारी गाडी सुरू होत नसेल तर मी येतो घ्यायला."

"गाडी ठीक आहे," ती म्हणाली. "म्हातारी फक्त मी आहे."

पुढचे काही आठवडे तिनं स्वतःला नाना परीनं समजावलं. कुणाचं काय वाकडं होणार आहे? विल्यम मेला, ज्युडिथ मेली, नथॅनियल मेला. मंडळातल्या निम्म्या लोकांच्या वंशावळी अशाच ओढूनताणून आणलेल्या, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? भाऊ जायला टेकलेला, त्याला एक दगड हवा आहे. एक सही, आणि सगळं शांत. वकिलांच्या कामात ती वह्या उघडत होती, मिटत होती, आणि प्रत्येक पानावर तिला तेच दिसत होतं, हो, खुशीनं, हो, खुशीनं. एकदा तिनं एकशे बारा नंबरची वही ओढली, पान तीनशे सहा काढलं, आणि न वाचताच परत ढकलून दिली.

ठरल्या शुक्रवारी वेंडेल सूट घालून कोर्टात आला. रविवारचा, निळा, खांद्यावर आता सैल झालेला. नेट्टाच टेबलामागे होती, नोटरीचं काम तीच करायची. तिनं मंडळाचे कागद पसरले, जिथं सही करायची तिथं पेन्सिलनं फुली मारली, शिक्क्याची डबी उघडली, आणि दिवसातून वीस वेळा विचारायची तसं मान वर न करता विचारलं, "यातली माहिती खरी आहे आणि सही आपल्या खुशीनं करताय ना, मिस डेला?"

"करतेय, करतेय," वेंडेल म्हणाला. "एक्केचाळीस वर्षं ती दुसरं काय करतेय?"

अर्डेलियानं पेन उचललं. पेन हातात धरून ती फुलीकडे बघत राहिली.

"वेंडेल, तू जरा बाहेर थांब."

"मी? का?"

"बाहेर बाकावर बस. सावलीतल्या."

"मी काय परका आहे का इथं?"

"परका असतास तर इथं उभा राहिला असतास तरी चाललं असतं," ती म्हणाली. "जा."

तो गेला. त्याच्या काठीचा आवाज फरशीवरून दारापर्यंत गेला आणि दार मिटलं. नेट्टानं आता मान वर केली होती.

"झालं काय, मिस डेला?"

"आता विचार परत."

नेट्टानं तिच्याकडे पाहिलं. मग सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं. "यातली माहिती खरी आहे का? आणि सही तुम्ही आपल्या खुशीनं करताय का?"

"नाही," अर्डेलिया म्हणाली. "मला हो म्हणायला सांगून ठेवलंय. पण मी म्हणणार नाही."

नेट्टाला ते शब्द ओळखू आले. तिनं शिक्क्याची डबी मिटली, कागद गोळा करून पाकिटात घातले आणि पाकीट अर्डेलियाकडे सरकवलं. "मला नाही म्हटल्याचं लिहायला रकानाच नाही," ती म्हणाली.

"असू दे," अर्डेलिया म्हणाली. तिला वाटलं होतं तेवढं हलकं वाटलं नाही. पाय तितकेच जड होते.

वेंडेल कोर्टाच्या ओसरीवरच्या बाकावर बसला होता, हॅट गुडघ्यावर. ती शेजारी बसली आणि सगळं सांगितलं. कात्रीपासून सुरुवात केली, कारण सगळी गोष्ट तिथूनच सुरू होत होती. मग पेटी, अस्क्यू, चार माणसं, चौथं नाव. समोर एक बाई गाडी लावायला जागा शोधत चकरा मारत होती, तो तिच्याकडे बघत होता.

"म्हणजे आपण नोकराची अवलाद," शेवटी तो म्हणाला.

"नोकराची आणि मालकाच्या मुलीची."

"आणि मी बत्तीस वर्षं लोकांना घोडा दाखवला."

"घोडा तू घातलास. बाकीचं मी. चूक माझी आहे, वेंडेल. मी किनार छाटली."

"छाटताना मी बघत होतो," तो म्हणाला. "मला काही कळत नाही असं का समजतेस? मला दिसलं होतं, ते बसत नव्हतं. पण तू छाटलंस, मला बरं वाटलं."

गाडीवाल्या बाईला जागा मिळाली.

"ती काय म्हणाली, त्या पंचांना?" वेंडेलनं विचारलं. "नेमकं सांग."

अर्डेलियाला जबाब पाठ झाला होता. तिनं शब्दन् शब्द सांगितला. पती अंगणात उभा आहे, त्याला जाऊन सांगा, इथपर्यंत आली तेव्हा वेंडेलनं हॅट गुडघ्यावरून उचलली आणि दोन्ही हातांत फिरवू लागला. कडेकडेनं, गोल गोल.

"ममाला पंच नव्हते," तो म्हणाला.

अर्डेलियानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. सत्तावन्न वर्षांत त्यानं हा विषय काढला नव्हता.

"तू कोंबड्यांकडे होतीस. डॅडी तिच्या खुर्चीमागे उभा होता. मी दाराशी. ती पीठ मळत होती, तशीच आली आणि सही केली. कागदावर अंगठा उमटला, पिठाचा, तुपकट. नोटरी म्हणाला, असला डागाचा कागद कोर्ट घेणार नाही, हात धुऊन या, दुसऱ्या प्रतीवर करा. ती धुऊन आली. दुसऱ्या प्रतीला बसली आणि पेन तसंच धरून ठेवलं. करेना. वर बघितलं. डॅडीकडे नाही, माझ्याकडे." तो थांबला. हॅटही थांबली. "मला वाटतं तिला एवढंच हवं होतं, की कुणीतरी काही म्हणावं."

"तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं, कर ना ममा. माणूस खोळंबलाय."

अर्डेलियाला राग आला नाही. इतकी वर्षं ती ज्या पानात जे शोधत होती ते असं ओसरीवर, दिवसाउजेडी, निळ्या सुटातल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडून निघालं होतं, आणि ते घेऊन काय करायचं हे तिला कळत नव्हतं. तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा नुसतं हाड उरला होता.

"तो पहिला कागद नोटरी चुलीत टाकायला निघाला होता," वेंडेल म्हणाला. "मी खिशात घातला. का ते विचारू नकोस. अजून आहे माझ्या ड्रॉवरमध्ये, अंगठा दिसतो. तुला देतो. तुझ्या वह्यांत लाव कुठंतरी."

"वह्यांत लागायचा नाही तो," अर्डेलिया म्हणाली. "तिथं दुसऱ्या कागदाची नोंद झाली आहे."